दारामागचे हेल्मेट आणि ‘देवाची योजना’

वाचकाचे पत्र, थोडक्यात : वसई परिसरातील एका कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या आणि महाविद्यालयात साहित्य शिकवणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील त्यातून काढला आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ रात्रपाळी संपवून मोटारसायकलने घरी येत होता. रस्त्यावरच्या पाण्याखालचा खड्डा त्याला दिसला नाही, आणि त्या अपघातात तो गेला. डोक्यावर हेल्मेट होते. ते आजही घराच्या दारामागे खिळ्याला टांगलेले आहे आणि आई ते रोज पुसते. पुढच्या महिन्यात वर्षदिनाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आहे. तिच्यानंतर घरी होणाऱ्या प्रार्थनासभेत ‘या दुःखातून देवाने आपले काय भले केले’ याची साक्ष मोठ्या बहिणीने द्यावी, असा आईचा आणि प्रार्थनागटाचा आग्रह आहे. त्यांच्या तोंडून ते वाक्य निघत नाही. ‘ही देवाची योजना होती’ असे सांत्वन करणारे लोक निर्दय नाहीत हे त्या जाणतात, तरी त्या वाक्याचा त्यांना संताप येतो. याच सत्रात त्यांना वर्गात सोफोक्लीसची ‘अँटिगनी’ ही राजाज्ञा मोडून भावाला माती देणाऱ्या बहिणीची ग्रीक शोकांतिका शिकवायची आहे. विभागातील एक ज्येष्ठ सहकारी त्यांना म्हणाले की, ज्याच्या गोष्टीचा शेवट पुनरुत्थानात होतो त्या ख्रिस्ती माणसाला शोकांतिका कळायची कशी? धर्मग्रामातील (पॅरिशमधील) एका वडीलधाऱ्यांनी त्यांना समजावले की, श्रद्धावंताने वर्षभर असा शोक करणे म्हणजे आशेचा अव्हेर करणे होय. ‘शोकाशी प्रामाणिक राहायचे तर श्रद्धा सोडावी लागेल, आणि श्रद्धा राखायची तर चारचौघांत खोटे बोलावे लागेल, असे मला वाटू लागले आहे. मी काय करावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि दर वेळी त्या हेल्मेटापाशी येऊन थांबले. भावाचे जाणे भरून निघणारे नाही, आणि ते भरून निघावे म्हणून मी हे लिहीत नाही. मी श्रद्धेने ख्रिस्ती नाही. बरीच वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आणि त्या ओघात ख्रिस्ती विचारवंतांच्या सहवासात पुष्कळ काळ काढला, एवढाच माझा अधिकार आहे. त्यामुळे श्रद्धेच्या आतल्या गोष्टींत शेवटचा शब्द तुमचाच राहील. परंतु तुमच्यापुढे जे दोन रस्ते मांडले गेले आहेत ते खरोखर दोनच आहेत का, हे आपल्याला मिळून तपासता येईल.

तुमचे सहकारी आणि धर्मग्रामातले ते वडीलधारे एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे वरवर वाटते, पण दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत आहे. आशा आली की शोकाचा हिशेब चुकता होतो, असे दोघेही धरून चालतात. एकाला ते ख्रिस्ती श्रद्धेचे उणेपण वाटते, दुसऱ्याला तेच तिचे बळ वाटते. तुमची कोंडी या समजुतीने केली आहे, आणि मला ती समजूतच खरी वाटत नाही.

तुम्ही साहित्य शिकवता, म्हणून शब्दापासून सुरुवात करते. ‘शोकांतिका’ हा मराठी शब्द सगळा भार शेवटावर टाकतो : जिचा अंत शोकात होतो ती. हा शब्द इतका रुळला आहे की, शेवट गोड झाला तर ती शोकांतिका राहिली नाही, असे आपण न तपासता मानतो. ग्रीकांना मात्र तसे वाटत नव्हते. इसवी सनापूर्वी ४५८मध्ये अथेन्सला नाटककार एस्किलसची जी नाट्यत्रयी झाली तिच्यात बाप मुलीचा बळी देतो, बायको त्या बापाला मारते, मुलगा आईला मारतो आणि सूडाच्या देवता त्याच्या पाठीस लागतात. तिसऱ्या नाटकाच्या शेवटी अथेन्समध्ये न्यायसभा भरते, मुलगा सुटतो, सूडदेवतांना शहरात मानाचे स्थान मिळते आणि मिरवणुकीने नाटक संपते. तरीही या त्रयीला कोणी ट्रॅजेडीच्या यादीतून काढलेले नाही, कारण त्या बळी दिलेल्या मुलीच्या, इफिजिनियाच्या, गळ्यावरची सुरी त्या मिरवणुकीने मागे जात नाही. अ‍ॅरिस्टॉटल तर काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एके ठिकाणी म्हणतो की, घोर कृत्य घडणार एवढ्यात नाते ओळखू येऊन ते टळते, ते कथानक सर्वांत चांगले. म्हणूनच आपल्याकडील काही समीक्षकांनी ‘शोकात्मिका’ हा शब्द पसंत केला : शोक जिच्या शेवटी नसून जिचा आत्मा आहे ती. हा फरक मनात पक्का केला, तर सहकाऱ्यांचे वाक्य निम्म्याहून अधिक सैल पडते.

उरलेल्या निम्म्याला मात्र वजन आहे आणि ते मान्य करायला हवे. १९६१ साली जॉर्ज स्टायनर या समीक्षकाने ट्रॅजेडीच्या मृत्यूवर जे पुस्तक लिहिले त्यात ख्रिस्ती दृष्टी ही मुळातच ट्रॅजेडीविरोधी आहे, असे निक्षून म्हटले आहे. तुमच्या सहकाऱ्यांचा स्वर मला तिथूनच आलेला वाटतो. स्टायनरचा दाखला बायबलमधल्या ईयोबाचा आहे, ज्या नीतिमान माणसाची संपत्ती आणि मुले एकाएकी जातात. देवाने ईयोबाचे नुकसान भरून दिले, आणि जिथे भरपाई आहे तिथे न्याय असतो, ट्रॅजेडी नसते, असा त्याचा युक्तिवाद आहे. हे वाचून मी ईयोबाचे पुस्तक पुन्हा उघडले आणि आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. आरंभी ईयोबाकडे ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या आणि ५०० गाढवी आहेत. शेवटी १४,००० मेंढरे, ६,००० उंट, १,००० जोड्या आणि १,००० गाढवी. सगळे बरोबर दुप्पट. मुले मात्र आधी सात मुलगे व तीन मुली, आणि शेवटीही सात मुलगे व तीन मुली. जनावरांची भरपाई होते म्हणून ती दुपटीने मोजून दिली आहेत. मुलांची होत नाही, म्हणून तिथे तेवढाच आकडा पुन्हा लिहिला आहे, असे मला वाटते. पहिली दहा परत आलेली नाहीत. आणि त्याच अध्यायात, देवाने ईयोबाची स्थिती पालटल्याचे सांगितल्यानंतर लगेच पुढच्या ओळीत, त्याचे भाऊबहीण आणि जुने ओळखीचे लोक त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर भाकर खातात आणि त्याचे सांत्वन करतात. स्थिती पालटूनही माणसाला सांत्वन लागते, हे त्या प्राचीन लेखकाला ठाऊक होते. स्टायनर मोठा वाचक होता, पण या ओळीवर तो थांबायला हवा होता.

त्याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट तुमच्या प्रार्थनागटाने जरूर वाचावी. ईयोबाचे तीन मित्र येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. तोवर ते उत्तम मित्र आहेत. मग ते बोलू लागतात, दुःखाचे कारण समजावू लागतात, देवाची बाजू मांडू लागतात. आणि शेवटी देव त्यांनाच म्हणतो की, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची वकिली करणाऱ्यांवर देव रागावला आणि देवाशी भांडणाऱ्याला त्याने खरे बोलणारा ठरवले. तुमच्या तोंडून ते वाक्य निघत नाही, याची लाज वाटून घेऊ नका.

पुनरुत्थानाचे काय, हे मी टाळत नाही. येशूचे शुक्रवारचे मरण आणि रविवारचे पुनरुत्थान स्मरणारा पवित्र आठवडा तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. त्याची रचना पुन्हा एकदा अभ्यासकाच्या नजरेने पाहा. गुरुवारच्या मिस्सेनंतर वेदीवरचे कापड, मेणबत्त्या, सारे काढून घेतात. पवित्र भाकर ठेवण्याची मंजुषा रिकामी असते आणि तिचे दार उघडे ठेवलेले असते. घंटा मुक्या होतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही, शनिवारी दिवसभर होत नाही. ज्या ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, रविवार येणार हे पूर्ण ठाऊक आहे, ती मधला शनिवार गाळत नाही. त्या दिवशी ती काहीही समजावून सांगत नाही, उघड्या वेदीसमोर नुसती थांबते. मार्काच्या शुभवर्तमानात क्रूसावरचा शेवटचा उच्चार ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आहे, आणि त्याच्यानंतर फक्त एक मोठी आरोळी. मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत ग्रंथ संपतो तो कबरीपासून थरथरत पळालेल्या, भयामुळे कोणाला काही न सांगणाऱ्या स्त्रियांपाशी. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला ख्रिस्त येतो तेव्हा त्याच्या हातांवरचे व्रण आणि कुशीतली जखम तशीच आहे. शिष्यांना तो त्या खुणा दाखवतो, आणि शंका घेणाऱ्या थोमालाही त्याच पुढे करतो. केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या डोनाल्ड मॅककिनन या तत्त्वज्ञाने आयुष्यभर हीच गोष्ट लावून धरली की, पुनरुत्थान म्हणजे शुक्रवारच्या पराभवाची दुरुस्ती करून त्यावर घातलेले झाकण नव्हे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचे काय झाले हा प्रश्न रविवारनंतरही उघडाच राहतो. तुमच्या सहकाऱ्यांना एवढे सांगता येईल की, ख्रिस्ती माणूस ट्रॅजेडीला पारखा असता, तर त्याच्या वर्षातला सर्वांत गंभीर आठवडा असा रचला गेला नसता.

आता उलट बाजू, कारण ती सांगितली नाही तर मी तुमची दिशाभूल केल्यासारखे होईल. ट्रॅजेडीकडे ओढ असलेल्या आपल्यासारख्या वाचणाऱ्या माणसांना एक धोका असतो. ‘जीवन हे मुळातच शोकात्म आहे’ असे म्हटले की त्यातही एक प्रकारचा आराम मिळतो, आणि तो आराम ‘देवाची योजना’ या वाक्यातल्या आरामाहून फार निराळा नसतो. डेव्हिड बेंटली हार्ट या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथातील विचारवंताने ट्रॅजेडीवर श्रद्धा ठेवणाऱ्या धर्मचिंतकांवर हाच आक्षेप घेतला आहे : जे घडले ते अटळ होते असे मानून ट्रॅजेडी माणसाला अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवते, आणि पुनरुत्थानाची श्रद्धा हे जुळवून घेणे नाकारते. त्यांच्या सगळ्या टीकेशी मी सहमत नाही, पण तुमच्या बाबतीत हा आक्षेप मला थेट लागू वाटतो. तुमचा भाऊ नियतीमुळे गेलेला नाही. रस्त्यात खड्डा होता, त्यावर पाणी होते, दिवा नव्हता, आणि तो खड्डा बुजवणे हे कोणाचे तरी काम होते. बातमीत अशा मृत्यूला ‘दुर्दैवी’ म्हणतात, शोकसभेत ‘ईश्वरेच्छा’ म्हणतात, आणि तुमच्या विभागात कोणी ‘शोकांतिका’ म्हणेल. हे तिन्ही शब्द त्या खड्ड्यावर पाण्यासारखेच पसरतात. लूकाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिलोहाच्या बुरुजाखाली चिरडून मेलेल्या अठरा जणांविषयी बोलतो. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो. बुरूज पडण्यामागे त्या माणसांपुरता काही दैवी हेतू होता, असे तो कुठेही म्हणत नाही. तो ऐकणाऱ्यांना बजावतो की, पश्चात्ताप करा, स्वतःकडे वळून पाहा, नाहीतर तुमचाही नाश होईल.

ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनची आठवण इथे होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात तो तरुणपणी कार्थेजमध्ये पाहिलेल्या नाटकांबद्दल लिहितो की, प्रेक्षकाला दुःख पाहून रडायला आवडते, पण त्या दुःखाला धावून जाण्यासाठी त्याला कोणी बोलावलेले नसते. त्याने फक्त रडायचे असते. ख्रिस्ती धर्मगुरूंचा नाट्यगृहांवरचा राग बऱ्याचदा सोवळेपणातून आला होता, पण हा आक्षेप खोल आहे. तुमचा शोक कोणाच्या तरी मदतीला धावू शकतो का, हा प्रश्न तो विचारतो. तो आजच सोडवायचा नाही, जवळ ठेवायचा आहे.

त्याच ऑगस्टीनची दुसरी बाजूही ऐका, कारण ‘श्रद्धावंताने शोक करू नये’ या म्हणण्याची परीक्षा त्याने स्वतःवर घेतली. ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. त्याने तिचे डोळे मिटले. त्याचा किशोरवयीन मुलगा मोठ्याने रडू लागला, तेव्हा सर्वांनी त्याला गप्प केले, कारण जिला शाश्वत जीवन मिळाले तिच्यासाठी विलाप शोभत नाही असे त्यांना वाटले. ऑगस्टीनने अश्रू आवरले. दफनविधीत तो रडला नाही. मन हलके व्हावे म्हणून तो स्नानगृहात गेला, तरी उपयोग झाला नाही. तो झोपला, उठला, एक स्तोत्र आठवले, आणि मग एकांतात देवासमोर तो आईसाठी रडला. हे लिहून झाल्यावर तो वाचकाला म्हणतो की, मी आईसाठी तासाचा एक छोटासा भाग रडलो यात कोणाला पाप दिसले, तर त्याने मला हसू नये. इतका मोठा धर्मचिंतक तासाच्या छोट्याशा भागाबद्दल अशी विनवणी करतो, ती वाचताना मला त्याच्या शिकवणुकीपेक्षा त्याचा मुलगा अधिक बरोबर वाटतो. ज्या पोराला सर्वांनी गप्प केले, त्याला जे कळले होते ते बापाला कळायला दिवस आणि रात्र जावी लागली.

आता ‘देवाची योजना’ या वाक्याबद्दल. तुम्हाला त्याचा संताप येतो, आणि ते वाक्य बोलणारे लोक निर्दय नाहीत हेही तुम्ही पत्रात लिहिले आहे. मग हे होते कसे? गेऑर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९११ साली ‘संस्कृतीची ट्रॅजेडी’ म्हणून जी गोष्ट मांडली ती इथे उपयोगी पडते. माणसाचे आतले जीवन स्वतःला व्यक्त करण्यासाठी रूपे घडवते : वाक्ये, विधी, कायदे, कलाकृती, संस्था. एकदा घडली की ती रूपे स्वतःच्या नियमाने जगू लागतात, साठत जातात, कठीण होतात, आणि ज्या जिवंतपणातून ती निघाली त्यालाच अडवू लागतात. झिमेलच्या मते ही ट्रॅजेडी एवढ्यासाठी की, जीवनाला मारणारी शक्ती बाहेरून आलेली नसते, जीवनाच्याच गाभ्यातून निघालेली असते. रशियन ख्रिस्ती तत्त्वज्ञ निकोलाय बेर्द्याएव यानेही हेच दुःख निर्मितीच्या बाजूने सांगितले. माणसाला नवे अस्तित्व घडवायचे असते आणि हाती येते ते पुस्तक, चित्र, संस्था. विस्तव घडवायला निघालेल्याच्या हातात निवलेली वस्तू राहते.

तुमच्या घरात बोलले जाणारे ते सांत्वनाचे वाक्य असेच निवलेले आहे. त्याचे मूळ बहुधा प्रेषित पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, जिथे देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे तो आठव्या अध्यायात लिहितो. ते वाक्य घाऊक वापरात येण्यापूर्वी कुठे उभे होते ते बघा. त्याच्या आधी सारी सृष्टी कण्हत आहे असे पौल म्हणतो, आणि शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आत्मा आपल्यासाठी विनवणी करतो असे म्हणतो. नववा अध्याय उघडताच तो लिहितो की, मला मोठे दुःख आहे आणि माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे. बाराव्यात तो सांगतो की, रडणाऱ्यांबरोबर रडा. दोन्ही बाजूंना कण्हणे असलेले एक वाक्य आपण मधून कापून काढले आणि नाण्यासारखे हातोहात फिरवले. त्याचा छाप आता झिजला आहे, म्हणून ते तुमच्या तळहातावर थंड लागते.

पण झिमेलपाशी थांबू नका. एर्न्स्ट कासिरर या ज्यू तत्त्वज्ञाला १९३३ साली जर्मनी सोडावी लागली, आणि स्वीडनमध्ये आश्रय घेतलेला असताना लिहिलेल्या व १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने झिमेलला उत्तर दिले. ज्याच्या डोळ्यांसमोर एक अख्खी संस्कृती उलटी फिरली त्याचे हे उत्तर असल्यामुळे मला ते विशेष मोलाचे वाटते. तो म्हणतो की, निर्मितीच्या वाटेच्या टोकाला ती कठीण झालेली कृती उभी नसते. तिथे एक ‘तू’ उभा असतो, दुसरा माणूस, जो ती कृती हाती घेऊन पुन्हा स्वतःच्या जीवनात वितळवतो. जुनी रूपे मरतात हे खरे, आणि घेणारा मिळाला की ती पुन्हा जिवंत होतात हेही खरे. तुम्ही स्वतः वर्गात हेच करता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीने भावाला मूठभर माती दिली, आणि ती गोष्ट तुमच्या समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या घशात येऊन अडकते.

अँटिगनीवरून तुमच्या आईकडे येते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने या नाटकाबद्दल जे म्हटले ते तुम्ही शिकवलेच असेल : अस्सल ट्रॅजेडीत चांगल्याशी वाईटाची झुंज नसते, दोन न्याय्य बाजू एकमेकींवर आदळतात आणि प्रत्येक बाजू दुसरीचा न्याय बघू शकत नाही. तुमच्या घरात मला तीच रचना दिसते. खोटे बोलायचे नाही ही तुमची बाजू न्याय्य आहे. आईचीही आहे. ज्या वाक्याचा तुम्हाला संताप येतो त्या वाक्याला धरून ती रोज सकाळी उठत असेल, तर भर सभेत ते हिसकावण्याचा हक्क तुम्हाला सत्यानेही मिळत नाही. पण मला पुढचे विचारायचे आहे. आईने ते वाक्य जसेच्या तसे गिळले आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मग ती हेल्मेट का पुसते? देवाने नेले, भल्यासाठी नेले, हिशेब मिटला, असे जिला मनापासून वाटते ती बाई वर्षभर रोज एका खिळ्यापाशी जात नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मानंतर बेथलेहेमच्या बालकांची कत्तल होते, तेव्हा तारणाऱ्याच्या जन्माच्या आनंदात लेखक इस्राएलची पूर्वजमाता राहेल हिचे रडणे ऐकवतो, जिने मुले नाहीत म्हणून सांत्वन घ्यायचे नाकारले. तुमची आई तोंडाने सांत्वन घेते आणि हाताने नाकारते. तुम्ही तिच्या तोंडाकडे पाहून तिला विरोधी बाजूला बसवले आहे, आणि मला वाटते ती तुमच्याच बाजूला बसलेली आहे.

म्हणून साक्षीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जे वाटत नाही ते बोलू नका. आणि जे वाटते ते सगळे त्या सभेत बोलण्याचीही गरज नाही. नकार नुसता नकार म्हणून कळवलात तर तो आईच्या जिव्हारी लागेल, म्हणून त्याच्या जागी काहीतरी घेऊन जा. मी असते तर स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र नेले असते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, त्याचा शेवटचा शब्द अंधाराचा आहे. तरीही ते पहिल्या ओळीपासून देवालाच उद्देशून आहे. तुमच्या सहकाऱ्यांना आणि त्या वडीलधाऱ्यांना जे एकत्र नांदणे अशक्य वाटते, ते या १८ ओव्यांएवढ्या मजकुरात शेजारी शेजारी बसले आहे. कोणी आक्षेप घेतला, तर धर्मग्रामाच्या फादरांना विचारायला सांगा : ख्रिस्तसभेच्या दैनंदिन प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र म्हटले जाते. फादरांना तुम्ही आधीच भेटलात तर अधिक बरे. अनेकदा प्रार्थनागटाचा उत्साह एकीकडे आणि धर्मगुरूंची समज दुसरीकडे असते, आणि त्यांचा एक शब्द तुमचे ओझे उतरवू शकतो. ८८वे फार जड वाटले तर १३वे घ्या. ‘कोठवर’ असे विचारत सुरू होणारे ते छोटे स्तोत्र शेवटी भरवशाकडे वळते, आणि आईला तो वळसा हवा असेल. स्तोत्रानंतर भावाबद्दल दोन-चार खऱ्या गोष्टी सांगा : तो काय खाई, कशावर हसे, रात्रपाळीहून येताना काय घेऊन येई. ‘देवाने यातून काय भले केले’ असे कोणी थेट विचारलेच, तर ‘मला अजून ठाऊक नाही’ हे शांतपणे म्हटलेले वाक्य पूर्ण साक्ष ठरते.

ज्यांच्या घरात अशी सभा नाही पण शेजारी, नातेवाईक यांची समजावणी आहे, त्यांनाही हे लागू आहे, आणि समजावायला जाणाऱ्यांना तर अधिकच. शोकाच्या घरी गेलात तर ईयोबाच्या मित्रांसारखे पहिले सात दिवस वागा आणि आठव्या दिवशी त्यांच्यासारखे बोलू नका. डबा न्या, भांडी घासा, कागदपत्रांच्या रांगेत उभे राहा. कारण शोधून देणे हे तुमचे काम नाही.

‘अँटिगनी’ या सत्रात शिकवायची की नाही, याबाबत घाई करू नका. भावाच्या दफनाचे नाटक त्याच वर्षी भरवर्गात उभे करणे कोणालाही जड जाईल. एखाद्या सहकाऱ्याशी पाठांची अदलाबदल करून ते पुढच्या सत्रात ढकलले तरी शिक्षक म्हणून तुमचे काही उणे होत नाही. शिकवलेत, तर स्वतःचे सांगण्याचे बंधन मानू नका. झोप तुटत असेल, जेवण जात नसेल, रस्त्यावर पाणी साचलेले पाहून छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. प्रार्थना आणि वाचन यांनी त्याची जागा भरत नाही. आणि रस्त्याची लेखी तक्रार झाली आहे का, पंचनाम्यात खड्ड्याची नोंद आहे का, हे तपासा. एकटीला जमणार नाही. प्रार्थनागटातल्या ज्यांना खरोखर काही करायचे आहे त्यांना या कामात सोबत घ्या. यातून भाऊ परत येणार नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्याने रात्रपाळीहून दुसऱ्या कोणाचा भाऊ येणार आहे.

सभेच्या आठवडाभर आधी, घरात दुसरे कोणी नसेल अशा वेळी आईशी बोला. साक्षीचा विषय काढून सुरुवात करू नका. ती हेल्मेट पुसायला जाईल तेव्हा शेजारी उभ्या राहा आणि फडके मागा. त्यावर जो ओरखडा पडला असेल तो पुसला जाणार नाही, आणि तो दोघींना माहीत आहे. तिला बोलायचे असेल तर ती तिथे बोलेल. मग ते स्तोत्र तिला वाचून दाखवा, आणि त्या दिवशी ते कोणी वाचायचे हे दोघी मिळून ठरवा.